आपल्या घरातले सोन्याचे वासरू



उपवासकाळाच्या तयारीसाठी धर्मशिक्षणाच्या वर्गात आम्ही दरवर्षी दहा आज्ञांची उजळणी घेतो. एकेक आज्ञा फळ्यावर लिहायची आणि मुलांना विचारायचे, ही आज्ञा मोडली जाते ती कशी? खोट्या साक्षीची आज्ञा आली की वर्गात हशा पिकतो. आईवडिलांचा मान राखण्याची आली की काही डोळे खाली जातात. पहिल्या आज्ञेला मात्र उत्तर तयार असते. "आम्ही ख्रिस्ती, आम्ही मूर्तिपूजा करत नाही." झाले, फळा पुसायचा आणि पुढची आज्ञा.

मोठ्यांचेही असेच आहे. कुमसाराला बसण्यापूर्वी सदसद्विवेकाची तपासणी करताना राग, निंदा, आळस, चुकलेली मिस्सा हे सगळे आठवते. पहिली आज्ञा बोटावर मोजून आपण लगेच दुसरीकडे वळतो. कधीकधी तर ती आज्ञा आपल्यासाठी नसून शेजाऱ्यासाठी आहे, असा आपला समज असतो.

म्हणून आधी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. हा लेख आपल्या हिंदू शेजाऱ्यांविषयी नाही. बेळगावच्या या भागात आपण पिढ्यान् पिढ्या एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून राहतो. चतुर्थीला त्यांच्याकडून मोदक येतात, नाताळला आपल्या नेवऱ्या आणि दोदोल त्यांच्याकडे जातात. देवाने ती आज्ञा सीनाय पर्वतावर दिली, ती ज्यांना त्याने मिसरच्या गुलामगिरीतून स्वतः सोडवून आणले होते त्यांना. शेजाऱ्याकडे बोट दाखवण्यासाठी ती दिलेली नाही. ती घरच्यांसाठी आहे, म्हणजे आपल्यासाठी. आणि ती पहिल्यांदा मोडली तीही घरच्यांनीच, पर्वताच्या पायथ्याशी.

वासरू कसे तयार झाले

निर्गमाचा 32 वा अध्याय आपल्या सगळ्यांना पाठ असल्यासारखा वाटतो, म्हणूनच तो पुन्हा सावकाश वाचावा. आमच्या लहान ख्रिस्ती समूहात आम्ही तो तीन आठवडे वाचला. त्यात चार गोष्टी आमच्या ध्यानात आल्या.

पहिली, वासरू वाट पाहण्याच्या काळात तयार झाले. मोशे पर्वतावर गेला होता, चाळीस दिवस झाले तरी परतला नव्हता. देव गप्प होता आणि लोकांना गप्प देव सहन होईना. डोळ्यांना दिसेल, पुढे चालेल असे काहीतरी त्यांना हवे झाले. आपल्याही घरात नवा देव शिरतो तो अशाच वेळी. नोकरी लागत नाही, आजार हटत नाही, लेकीचे लग्न जमत नाही, प्रार्थनेचे उत्तर येत नाही. त्या रिकाम्या वेळेत आपण कशाला धरतो, हे पाहायला हवे.

दुसरी, वासरू ज्या सोन्याचे झाले ते सोने देवाच्या कृपेनेच मिळाले होते. मिसरमधून निघताना मिसरी लोकांनी इस्राएलींना सोन्याचांदीचे दागिने दिले, असे निर्गमाच्या 12 व्या अध्यायात लिहिले आहे. म्हणजे मूर्ती वाईट वस्तूची झाली नाही. देवाने दिलेल्या चांगल्या देणगीचीच झाली. बायकांच्या, मुलांच्या कानांतली कर्णभूषणे काढून ती वितळवली गेली.

तिसरी गोष्ट फारच सूक्ष्म आहे. वासरू उभे राहिल्यावर अहरोनाने वेदी बांधली आणि उद्या परमेश्वराचा सण आहे, असे जाहीर केले. लोकांना वाटत होते की आपण अजून परमेश्वराचीच उपासना करत आहोत. नाव देवाचे, यज्ञ देवाच्या पद्धतीचे, मधे फक्त वासरू.

चौथी, विचारणा झाली तेव्हा कोणीच जबाबदार नव्हते. अहरोन मोशेला सांगतो, लोकांनी सोने दिले, मी ते आगीत टाकले आणि हे वासरू बाहेर आले! जणू ते आपोआपच घडले. हे वाचून आमच्या समूहातल्या एक आजी हसून म्हणाल्या, "आमच्या घरातला टीव्ही पण असाच आपोआप लागतो, बघा."

कॅथोलिक चर्चच्या 1992 च्या धर्मशिक्षण ग्रंथातही हाच विस्तृत अर्थ दिलेला आहे. देवाच्या जागी कोणत्याही निर्मित गोष्टीला मान देणे ही मूर्तिपूजा, मग ती सत्ता असो, सुखोपभोग असो, वंश, पूर्वज, राज्यसत्ता असो की पैसा. संत पौल तर कलस्सैकरांना लिहिताना लोभालाच मूर्तिपूजा म्हणतो. त्यामुळे दगडाची मूर्ती घरात नाही, एवढ्यावर आपली सुटका होत नाही. या चार खुणा घेऊन आपण आपल्या घरात फिरू या.

हातातला देव

मोबाईलविषयी फार लिहायला नको, सगळ्यांनाच ठाऊक आहे. तो चांगली देणगी आहे, हे आधी मान्य करू. दुबईतल्या मुलाचा चेहरा आईला रोज दिसतो. कोरोनाच्या काळात चर्चची दारे बंद होती तेव्हा मिस्सा याच पडद्यावर पाहिली. बिछान्यावर पडून असलेल्या कितीतरी वृद्धांना आजही तोच आधार आहे.

पण स्तोत्र 115 मध्ये स्तोत्रकर्ता मूर्तींविषयी काय सांगतो ते पाहा. त्यांना तोंड आहे पण त्या बोलत नाहीत, डोळे आहेत पण त्या पाहत नाहीत, आणि त्यांच्यावर भरवसा ठेवणारे त्यांच्यासारखेच होतात. शेवटचा भाग महत्त्वाचा. घरात पाच माणसे, संध्याकाळी माळेची प्रार्थना, आणि तीन जण एका हातात माळ, दुसऱ्या हातात फोन घेऊन बसलेले. तोंड हलते पण प्रार्थना होत नाही, डोळे उघडे असतात पण समोरचे माणूस दिसत नाही. ज्याची पूजा करावी तसे आपण होत जातो.

याच फोनमधून आणखी एक गोष्ट घरात आली आहे. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबातला तरुण मुलगा क्रिकेटवर पैसे लावण्याच्या खेळात अडकला. आधी पगार गेला, मग मित्रांकडून घेतलेले उसने, मग फोनवरच मिळणारी कर्जे. घरच्यांना कळले तेव्हा आईच्या बांगड्या सोनाराकडे गेल्या होत्या. पुन्हा तेच, आईच्या अंगावरचे सोने आणि आगीतून बाहेर आलेले वासरू. त्या घरी आम्ही विन्सेंट डी पॉल सोसायटीच्या सभासदांबरोबर गेलो तेव्हा मुलगा एवढेच बोलला, "आज ना उद्या लागणार असं रोज वाटायचं. मिस्सेत पण तीच प्रार्थना करायचो." त्याने देवाला सोडले नव्हते. त्याने देवाला त्या खेळाच्या कामाला लावले होते. ते कर्ज अजून फिटते आहे. पण तो आता दर शनिवारी आराधनेला येतो, आणि फोन आईकडे देऊन येतो.

लोक काय म्हणतील

आमच्या मते आपल्या समाजातला सगळ्यात मोठा देव हाच. त्याला मूर्ती नाही, मंदिर नाही, पण नैवेद्य मोठा लागतो.

लग्न घ्या. रोसाचा विधी पूर्वी शेजारपाजारच्या बायका मिळून करत. नारळ खोवायचा, रस काढायचा, वरवधूला लावायचा, गाणी म्हणायची, घरची जेवणे. आता त्यालाही हॉल, सजावट, एकाच रंगाच्या साड्या, फोटोवाले. चर्चमधला विधी पाऊण तासाचा, त्याची तालीम फोटोवाल्याच्या सोयीने. या सगळ्यासाठी सोसायटीचे कर्ज, वर सोने तारण. नवे जोडपे संसाराची पहिली काही वर्षे एका संध्याकाळचे हप्ते भरत राहते.

पण आम्हाला हादरवले ते लग्नाने नाही. धर्मशिक्षणाच्या वर्गातली एक मुलगी तयारी पूर्ण करूनही दोन वर्षे पहिल्या कम्युनियनला बसली नाही. प्रार्थना सगळ्या पाठ, रविवारी कधी चुकली नाही. आम्ही घरी जाऊन चौकशी केली. वडील रंगकाम करतात, आई शिवणकाम. आई बराच वेळ काही बोलेना. मग म्हणाली, "सिस्टर, तुमचं बरोबर आहे. पण गाऊन, हॉल, केक, पाहुणे एवढं आम्हाला झेपत नाही. मोठ्या दिराच्या मुलीचं केवढं झालं तुम्ही बघितलंय. थोडं साठू दे, मग करू."

येशू वेदीवर वाट पाहत होता आणि मुलगी त्याच्याकडे जायला तयार होती. दोघांच्या मधे उभा होता केक. याला मूर्ती म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? जुन्या करारात मोलखाला मुले अर्पण करण्याविषयी देवाचा संताप वाचून आपण अंगावर काटा आणतो. आपण मुलांना आगीत टाकत नाही, हे खरे. पण एका मुलीच्या वाट्याची भाकर दोन वर्षे अडवून धरणारा देव आपल्यातच बसला होता, आणि तिच्या आईबापांनी त्याला तिथे बसवले नव्हते. सगळ्या पॅरिशने मिळून बसवले होते.

तेव्हा फादरांच्या परवानगीने पालकांची सभा घेतली. मुलांसाठी एकसारखे साधे पांढरे कपडे, तेही पॅरिशमधल्याच शिवणाऱ्या बायकांकडून शिवून घ्यायचे, आणि मिस्सेनंतर सगळ्यांचा एकत्र नाश्ता, शिरा, उपमा आणि चहा, असा प्रस्ताव आम्ही ठेवला. सभा सोपी नव्हती. "आमच्या पैशाने आम्ही करतो, तुमचं काय जातं?" असे एका पालकांनी विचारले. प्रश्न योग्यच होता. एक आजोबा उठले आणि शांतपणे म्हणाले, "बाबा, तुझे पैसे तुझेच. पण तुझ्या हॉलचं भाडं ती शेजारची पोर भरतेय." यानंतर फार बोलणे झाले नाही.

त्या वर्षी सगळी मुले एका रांगेत, एकाच कापडात उभी राहिली. रंगकाम करणाऱ्याची मुलगी कोणती आणि बंगलेवाल्याचा मुलगा कोणता, हे मागच्या बाकावरून ओळखता येत नव्हते. नाश्त्याला दोन पातेली शिरा कमी पडला, एवढीच तक्रार आली.

चांगल्या गोष्टींची मूर्ती

आता जरा अवघड जागी येऊ. पैसा, फोन, दिखावा यांविरुद्ध बोलणे सोपे आहे, कारण त्यांचे वाईट रूप सगळ्यांना दिसते. पण ज्या गोष्टी पवित्र आहेत, ज्यांनी आपल्याला घडवले, त्यांचीही मूर्ती होऊ शकते.

रानात सर्पदंशाने लोक मरू लागले तेव्हा देवाच्या सांगण्यावरून मोशेने पितळेचा सर्प केला आणि तो उंच उभारला. त्याकडे पाहणारे वाचले. योहानाच्या शुभवर्तमानात खुद्द येशूने स्वतःच्या क्रूसाविषयी बोलताना त्या सर्पाची आठवण काढली आहे. याहून पवित्र वस्तू ती कोणती असणार? पण शेकडो वर्षांनंतर लोक त्याच सर्पापुढे धूप जाळू लागले, आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. हे दुसऱ्या राजांच्या पुस्तकात, 18 व्या अध्यायात आहे. मोशेच्या हातची, देवाच्या आज्ञेने केलेली, पूर्वजांचे प्राण वाचवलेली वस्तू! ती फोडताना राजाला काय वाटले असेल?

आपल्या भागात अशी एक पवित्र वस्तू आहे, ती म्हणजे भाषा.

मराठीवर आमचे प्रेम आहे, म्हणून तर आम्ही मराठीत लिहितो. 1616 मध्ये गोव्यात रायतूर येथे छापलेले 'ख्रिस्तपुराण' फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीयाने मराठीत रचले, याचा आम्हाला अभिमान आहे. दूरदेशीचा माणूस येतो, आपल्या लोकांची भाषा शिकतो आणि त्या भाषेत ओव्या बांधून ख्रिस्ताची कथा सांगतो. भाषेने असे काम करावे. परक्याला आपलासा करावा.

आणि आपण? 1 नोव्हेंबर 1956 ला राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हापासून या सीमाभागात भाषेची जखम ओली आहे. ती जखम खरी आहे. घराघरांत तिच्या आठवणी आहेत आणि न्यायाची मागणी करणे हे पाप नाही. पण ती जखम चर्चच्या दारातून आत येते तेव्हा काय होते? पॅरिशच्या सणाला सगळ्यांची मिळून एक मिस्सा असते. थोडे मराठी, थोडे कोंकणी, थोडे कन्नड, एखादे गीत इंग्रजी. प्रत्येक वर्षी कुणीतरी मोजत बसलेले असते, कोणत्या भाषेत किती वाचने झाली, किती गाणी झाली. विश्वासूंच्या प्रार्थनेत आपल्या भाषेतली विनंती वगळली गेली म्हणून काही जण प्रसाद न घेताच निघून जातात. सकाळी आठची वेळ कोणत्या भाषेच्या मिस्सेला मिळावी, यावरून बोलणे बंद झालेली घरे आहेत.

वेदीवर ख्रिस्ताचे तेच शरीर. ते कोणत्या भाषेत अर्पण झाले यावर त्याची किंमत ठरू लागली, की तिथे धूप कुणापुढे जळतो आहे हे कळते. भाषा ही मिसरमधून आणलेल्या सोन्यासारखी देवाची देणगी आहे. तिचा निवासमंडपही होतो आणि वासरूही होते. इस्राएली लोकांनी पुढे त्याच दागिन्यांतून निवासमंडपासाठी सोने दिलेच की! सोने बदलले नाही, ते कुणापुढे ठेवले हे बदलले.

हा प्रश्न आमच्याकडे सुटलेला नाही. दोन गोष्टी तेवढ्या सुरू केल्या आहेत. उपवासकाळात शुक्रवारच्या क्रूसाच्या वाटेला प्रत्येक भाषागटाने दुसऱ्या भाषेतली प्रार्थना वाचायची, आणि गायकवृंदाने दर महिन्याला दुसऱ्या भाषेतले एक गीत शिकायचे. आमच्या मावश्या कन्नड शब्द देवनागरीत लिहून घेतात आणि तोंडे वाकडी करकरून सराव करतात. पहिल्या शुक्रवारी उच्चार ऐकून कन्नड मंडळी हसली. हसता हसता त्यांच्यातल्या एका बाईंनी पुढे येऊन शब्द नीट म्हणून दाखवला. हीही एक सुरुवात आहे.

भाषेविषयी जे म्हटले तेच इतर गोष्टींनाही लागू आहे. आमच्या आजोबांनी दिलेला क्रूस, आमच्या घराण्याचा सणाचा मान, आमचा संघ, आमचा बाक. हे सगळे एकेकाळी कुणाच्या तरी भक्तीतून आले. त्याकडे पाहून ख्रिस्त आठवत असेल तर तो मोशेचा सर्प. त्यावरून भांडण होत असेल तर हिज्कीयाला बोलवायची वेळ झाली.

रिकामे घर पुरत नाही

मूर्ती ओळखली, आता पुढे काय? येशूने एक सावधगिरीची कथा सांगितली आहे, ती मत्तयाच्या 12 व्या अध्यायात आहे. अशुद्ध आत्मा माणसातून निघून जातो, भटकून परत येतो, घर झाडलेले, सजवलेले पण रिकामे पाहतो, आणि आपल्याहून वाईट असे सात सोबती घेऊन आत शिरतो. फोन बाजूला ठेवला आणि त्या वेळेत टीव्ही लावला, तर काय मिळाले? हॉलचा खर्च वाचला आणि त्याचे आणखी सोने घेतले, तर काय बदलले? थेस्सलनीकाकरांविषयी संत पौल आनंदाने लिहितो की ते मूर्तींपासून वळले आणि जिवंत देवाकडे वळले. पाठ फिरवणे हा अर्धा भाग, तोंड कुणाकडे केले हा उरलेला अर्धा.

आपल्या गोव्याच्या संताकडे पाहू. पॅरिसच्या विद्यापीठात शिकणारा आणि शिकवणारा फ्रान्सिस झेवियर पैशाच्या मागे नव्हता. त्याला मानमरातब हवा होता, विद्वान म्हणून नाव हवे होते. इग्नेशियसने त्याला प्रभूचाच एक प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला, असे सांगतात. सगळे जग मिळवले आणि जीव गमावला तर काय लाभ? त्या प्रश्नाने झेवियरची विद्या काढून घेतली नाही, त्याची जिद्दही नाही. त्या दोन्ही ख्रिस्ताच्या स्वाधीन झाल्या. 6 मे 1542 रोजी तो गोव्यात उतरला आणि 3 डिसेंबर 1552 रोजी चीनच्या दारात, एका बेटावर त्याने प्राण सोडला. दरवर्षी त्याच्या सणाला पायी निघणारे यात्रेकरू पिशवीत किती कमी सामान घेतात, ते पाहा. लांब चालायचे असेल तर काय टाकायचे हे पायच शिकवतात.

मराठी ख्रिस्ती माणसाला रेव्हरंड नारायण वामन टिळक परके नाहीत. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेताना त्यांनी घर, जात, मान सगळे पणाला लावले होते. एवढे करूनही त्यांना वाटले की अजून काही उरले आहे. 1917 मध्ये त्यांनी मिशनची पगाराची नोकरी सोडली आणि ख्रिस्ती संन्यासी म्हणून ते साताऱ्याला राहिले. एकदा वळल्याने भागत नाही, आयुष्यभर वळत राहावे लागते, हे त्यांच्याकडून शिकावे.

या उपवासकाळात

आपण संन्यास घेणार नाही, चीनलाही जाणार नाही. मुले आहेत, हप्ते आहेत, नोकरी आहे. म्हणून घरात करता येतील अशा काही गोष्टी सुचवतो.

1. राखेच्या बुधवारपूर्वी एका संध्याकाळी सगळ्या घराने एकत्र बसावे आणि तीन प्रश्नांवर बोलावे. सकाळी डोळे उघडताच आपण पहिल्यांदा कशाकडे पाहतो? काय गेले तर आपल्याला देवही गेल्यासारखे वाटेल? आणि कशासाठी आपण दुसऱ्याला त्रास सोसायला लावतो? तिसरा प्रश्न मुलांना आधी विचारा. त्यांना उत्तर लगेच सापडते.

2. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या वेळी सगळे फोन एका टोपलीत. वडिलांचाही. प्रार्थना संपल्यावर लगेच टोपलीकडे धावू नका, पंधरा मिनिटे एकमेकांशी बोला.

3. या चाळीस दिवसांत जो खर्च टाळाल त्याचा आकडा लिहून ठेवा आणि तेवढी रक्कम दानपेटीत घाला. देवाच्या नावाने वाचवलेले पैसे पुन्हा आपल्याच कपाटात ठेवले, तर फक्त कपाट बदलते.

4. दर आठवड्याला एक तास पवित्र साक्रामेंतासमोर बसा. काही मागू नका. मोशे उशीर करत असताना लोकांना जे जमले नाही ते करा. नुसती वाट पाहा.

5. ज्याच्याशी भाषेवरून, मानावरून, जमिनीवरून बोलणे बंद आहे त्या एका घरी जा. शब्द सापडले नाहीत तर पाव घेऊन जा.

याकोब बेथेलला निघाला तेव्हा त्याने आपल्या घरच्यांना सांगितले की तुमच्याजवळचे परके देव काढून टाका. त्यांनी ते देव आणि कानांतली कुंडलेही त्याच्या हाती दिली आणि त्याने ती शखेमजवळच्या झाडाखाली पुरली. सगळ्या घराने एकत्र दिली, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. अहरोनानेही कर्णभूषणेच मागितली होती. कुंडले दोन्हीकडे तीच, एका ठिकाणी त्यांचा देव झाला, दुसऱ्या ठिकाणी ती मातीत गेली आणि घर देवाच्या वाटेला लागले.

म्हणून या वर्षी चर्चच्या दाराशी, वाळलेल्या झावळ्या जमा करण्याच्या टोपलीशेजारी एक बंद पेटी ठेवली आहे. आपल्या घरातल्या मूर्तीचे नाव एका चिठ्ठीवर लिहा, स्वतःचे नाव लिहू नका, चिठ्ठीची घडी घाला आणि पेटीत टाका. ती पेटी कोणी उघडून वाचणार नाही. राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशी झावळ्यांबरोबर त्या चिठ्ठ्याही जाळल्या जातील. मोशेने वासरू जाळून, त्याची पूड करून लोकांना पाण्यातून पाजली होती. आपल्या कपाळावर फक्त बोटभर राख लागेल. ती लागताना आपल्या चिठ्ठीतले नाव आठवा.

प्रार्थना करू या:

हे प्रभू, तू गप्प असतोस तेव्हा आमचे हात नवे देव घडवायला धावतात. तू दिलेल्या देणग्या आम्ही तुझ्या जागी बसवू नयेत, असे मन आम्हाला दे. आमचे फोन, आमचे पैसे, आमचा मान, आमची लाडकी भाषा, सगळे तुझ्या वेदीपुढे ठेवतो. यातले जे तुझ्या मंडपासाठी आहे ते ठेव, जे वासरू झाले आहे ते मोड. आमच्या लेकरांच्या आणि तुझ्या भाकरीच्या मधे आम्ही कधी उभे राहू नये. रिकाम्या झालेल्या घरात तू स्वतः राहायला ये. आमेन.